बहिऱ्याच्या हाती दगड नाही

त्या शुक्रवारी सकाळी माहबीबीनं नान भाजले, जेवणासाठी अंथरलेल्या सुफऱ्यावर मांडले, आणि आपल्या वाट्याचे तसेच उचलून फडक्यात बांधून ठेवले. उस्ता गौसनं मात्र दही-नान व्यवस्थित खाल्लं, मिशा पुसल्या आणि अल्लाचे आभार मानले. दुपारच्या नमाजानंतर ज्याची परीक्षा, तो माणूस असा निवांत बसलेला.

"अहो, जरा बोलायचं होतं," ती म्हणाली.

"अल्लाची कृपा," गौस म्हणाला.

गेली तीन वर्षं हे असंच चाललं होतं. गौसला ऐकू येत नव्हतं. आधी पाखरं गेली, मग मुलींचे आवाज गेले, मग अजान गेली. चाळीस वर्षं दगडाशेजारी बसलेल्याचे कान जायचेच, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की तो हे कबूल करत नव्हता. कोणी काहीही बोललं की तो मान डोलवून "अल्लाची कृपा" म्हणायचा, आणि दहातल्या नऊ वेळा ते खपून जायचं. दहाव्या वेळी घात झाला. मशिदीच्या पायरीवर एकानं रडत रडत सांगितलं की गाढव मेलं, आणि गौस हसून म्हणाला, "अल्लाची कृपा, अशीच बरकत राहो." त्या गाढवाच्या मालकापेक्षा जास्त कान टवकारले ते शीरअहमदनं.

शीरअहमद कोण, हे सांगायचं तर चक्क्यांचीच गोष्ट सांगावी लागेल. सरबादच्या कड्यावर नऊ पवनचक्क्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, सगळ्यांच्या भिंती सामाईक. उन्हाळ्यात एकशेवीस दिवसांचा वारा सुटला की दोन उंच मातीच्या भिंतींमधल्या फटीतून तो आत घुसतो, उभ्या लाकडी पंखांना फिरवतो, आणि पंखांच्या खांबाला खाली जोडलेली जात्याची वरची तळी गरगरते. वारा वरच्या मजल्यावर, पीठ खालच्या खोलीत. चार चक्क्या यूसुफी घराण्याच्या, चार दरवेशी घराण्याच्या, आणि मधली, सर्वांत उंच, ती भांडणाची. दोन्ही घराणी एकमेकांच्या मुली करायची, मयताला खांदा द्यायची आणि मधल्या चक्कीवरून एकमेकांची डोकी फोडायची. रीतच पडली होती.

पूर्वी मधली दरवेशींचीच होती. शीरअहमदचा पणजोबा याकूब तिच्यावर बसायचा. त्याचे कान गेले आणि त्यानंही ते लपवलं. एका दुपारी दगडावर टांगलेल्या परडीतलं धान्य संपलं, दगडाला वैरण पडेना, तळीवर तळी कोरडी घासू लागली. दगड उपाशी राहिला की किंचाळतो, गावातलं शेंबडं पोरही ते ओळखतं. याकूबला ऐकू आलं नाही. ठिणगी उडाली, हवेतला कोंडा पेटला, तीन चक्क्या जळाल्या आणि आत याकूबचा सख्खा मेव्हणा गेला. मग पंचांनी कुराणावर हात ठेवून ठरवलं, बहिऱ्याच्या हाती दगड नाही. मधली चक्की दरवेशींकडून काढून यूसुफींना दिली.

त्याला सत्तर वर्षं झाली. यूसुफींच्या बाकीच्या चारांपैकी दोन वाळूनं बुजल्या, दोन वारस नसल्यामुळे ओस पडल्या. गौस आणि माहबीबीलाही दोन मुलीच, दोघी सासरी. राहिली ती मधली. ती गेली तर गौसनं सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न माहबीबीला रात्रंदिवस खात होता. शेत नाही, शेळ्या चार. चक्कीवर बसला की तो उस्ता गौस होता, खाली उतरला की एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. इतकं साधं होतं ते.

म्हणून तीन वर्षं ती त्याचे कान झाली होती, आणि तेही त्याला कळू न देता. चक्कीच्या उंबऱ्याबाहेर लोकर कातत बसायची. दगडाचा सूर जरा चढला, की किटली घेऊन आत जायची आणि त्याच्या बाहीला हात लावून पेला पुढे करायची. गौस वर बघायचा, परडी बघायचा, धान्य ओतायचा. बायका म्हणायच्या, "माहबीबी, नवऱ्याला चहात बुडवून मारतेस का काय?" ती म्हणायची, "माझा नवरा, माझी किटली." वरच्या खुंटीचंही तसंच. पंखांच्या खांबाचं वरचं टोक आडव्या तुळईत फिरतं, तिथली लोखंडी खुंटी सुकली की बारीक रडते. गौसला ते रडणं केव्हाच ऐकू येईनासं झालं होतं. दर गुरुवारी माहबीबी ओले कपडे घेऊन वर जायची आणि कपड्यांखाली लपवलेली दुंबा मेंढ्याची चरबी खुंटीला चोपडून यायची. त्या वाऱ्यात गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई म्हणजे वेडी, असं गाव म्हणायचं. म्हणू दे.

पण आज ती आत जाऊ शकत नव्हती. शीरअहमदनं गावप्रमुख हाजी कलंदरांकडे तक्रार घातली होती, आणि हाजींनी ठरवलं होतं: वाऱ्यात चक्की चालू ठेवायची, उस्ताचे डोळे बांधायचे, कोणी न सांगता धान्य अडवायचं. दगड उपाशी झाला की उस्तानं हात वर करायचा. घरचं माणूस उंबऱ्याच्या आत नाही.

"तुम्हाला समजलंय का, आज काय आहे ते?" तिनं त्याच्या समोर येऊन विचारलं.

गौसनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काळजी करू नकोस गं," तो म्हणाला. नेमकं काय कळलं होतं त्याला, देव जाणे. तीन वर्षांत ती एकदाही 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं म्हणाली नव्हती. आज म्हणावं असं सकाळपासून चारदा ओठांवर आलं, आणि चारदा तिनं गिळलं. परीक्षेच्या दिवशी माणसाचा धीर मोडायचा कसा?

नमाज झाला. वारा असा सुटला होता की कड्यावर चढताना हाजींचा फेटा दोनदा उडाला आणि शीरअहमदनं दोनदा धावत जाऊन आणला.

"बघा, किती सेवा करतोय," हाजी म्हणाले. "फेट्याच्या बदल्यात चक्की मागू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला मागू, हाजी? रीत मागतेय," शीरअहमद म्हणाला. उंच, हडकुळा, पन्नाशीचा माणूस. वाईट नव्हता, पण पणजोबाची नाचक्की त्यानं जन्मापासून ऐकली होती. माहबीबीजवळ आल्यावर त्यानं नजर चुकवली. "वहिनी, मनावर घेऊ नका."

"मनावर कशाला घेऊ? चार चक्क्यांतला कोंडा खाऊन तुमचं पोट भरलं नाही, एवढंच समजलं."

गौसनं उंबऱ्यावर चपला काढल्या. आत खडे असतात, कोणी अनवाणी जात नाही. नवरा घाबरून भ्रमला की काय? पण तो आत गेला, खालच्या तळीच्या कट्ट्याशी उभा राहिला, आणि पायांचे दोन्ही तळवे जमिनीला घट्ट टेकवले. हाजींनी आपलाच फेटा काढून त्यानं गौसचे डोळे बांधले. शीरअहमदनं वरच्या फटीच्या फळ्या काढल्या. वारा आत घुसला, पंख हलले, आणि दगड फिरू लागला.

माहबीबी उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार उघडं होतं. तिला आतलं सगळं दिसत होतं. पीठ सुरळीत पडत होतं. हाजी हळूच पुढे झाले आणि त्यांनी परडीची दोरी ओढून धरली. धान्य थांबलं.

अजून सूर बदलला नव्हता. तळीत थोडं धान्य शिल्लक असतं. मग तो बदलला, अगदी किंचित, घरघरीवर एक कोरडी कड आली. आता चहा न्यायची वेळ. तिची मूठ किटली धरल्यासारखी आपोआप आवळली गेली. या अल्ला, याला कळू दे. उरलेलं आयुष्य काही मागणार नाही.

गौसनं हात वर केला.

हाजींनी दोरी सोडली. धान्य पडू लागलं. माहबीबी भिंतीला टेकून तिथेच खाली बसली. हाजींनी मग बराच वेळ जाऊ दिला, मध्ये खोकले, उगाच परडी हलवली, आणि अवचित पुन्हा दोरी ओढली. गौसनं हात वर केला, या वेळी तिच्याही आधी. तिला ऐकू येण्याच्या आधी! ती त्याच्या उघड्या पायांकडे बघत राहिली. जमिनीतून येत होतं ते त्याला. दगडाची भूक तो तळव्यांनी ऐकत होता, कोण जाणे कधीपासून, कट्ट्याआड बसलेल्याचे पाय तिनं कधी बघितलेच नव्हते, आणि ती वेडी तीन वर्षं किटल्या वाहत होती. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिनं ओढणीत कोंबलं.

"पायानं ओळखतोय तो!" शीरअहमद दगडाच्या घरघरीतही ऐकू जाईल असा ओरडला. "ह्याला ऐकणं म्हणायचं का, हाजी?"

"पायानं ओळखू दे नाहीतर मिशीनं," हाजी ओरडले. "दगड उपाशी राहिला का? नाही ना? मग गप्प बस. आणखी एकदा बघतो आणि संपवतो."

आणखी एकदा. माहबीबीनं डोळे मिटले. घरी गेल्यावर कोंबडी कापायची, मुलींना निरोप धाडायचा, असं काय काय मनात येऊ लागलं. आणि मग तिला ते ऐकू आलं.

वरून. बारीक, लांब, कोकराच्या रडण्यासारखं. थांबलं. पुन्हा आलं.

खुंटी.

काल गुरुवार होता. काल दिवसभर ती काळजी करत बसली होती, दोनदा दर्ग्यावर जाऊन आली होती, आणि चरबी घालायची राहून गेली होती. तिच्याच हातून. ती उठली, वर बघितलं. खालून काही दिसत नव्हतं, नुसतेच पंखांचे फटके. रडणं आता थांबत नव्हतं, एक सलग रेघ झाली होती. जुनी तुतीची तुळई, तीन महिन्यांच्या उन्हानं खडखडीत वाळलेली, आणि तिच्यात तापलेलं लोखंड.

तिनं आत बघितलं. गौस शांत उभा होता, डोळ्यांवर पट्टी, पायाखाली जमीन. वरचं त्याला जमिनीतून येत नव्हतं. हाजी दगडाशेजारी उभे, त्यांच्या कानांत फक्त घरघर. तसे हाजींचे कानही काही फार शाबूत नव्हते, पण गावप्रमुखाच्या कानांची परीक्षा कोण घेणार? आणि शीरअहमद दाराशी होता. त्यानं मान वर केली होती. छताकडे बघत होता.

त्यानं ऐकलं होतं.

मान खाली घेताना त्याची नजर माहबीबीच्या नजरेला भिडली. त्यानं लगेच ती परडीकडे वळवली आणि तोंड मिटून उभा राहिला. तिला त्याच्या मनातलं सगळं समजलं. आता बोलला तर हाजी म्हणतील, तू आगाऊपणा करतोस. थोडं थांबला, वरून धूर आला, म्हणजे बोलायचीही गरज नाही. उस्ताच्या डोक्यावर आग आणि उस्ता हात खाली सोडून उभा, याहून मोठा पुरावा कोणता?

पण तिलाही थांबता येत होतं. शेवटची परीक्षा, फार तर पन्नास फेरे. मग हाजी फेटा सोडतील, गौसच्या खांद्यावर हात ठेवतील, आणि चक्की मरेपर्यंत त्यांची. ती तशीच वर धावेल, चरबी ओतेल. पन्नास फेरे. तुळई तेवढी टिकेल? टिकेल. कदाचित टिकेल. दगड फिरत होता आणि ती मनात मोजत होती, दहा, अकरा, बारा. बाजूच्या भिंतीपलीकडे शीरअहमदच्या चक्कीत त्याची सून दळण घेऊन बसलेली होती, तिचं तान्हं पाठीला बांधलेलं. येताना माहबीबीनंच त्याच्या गालाला हात लावला होता. सतरा, अठरा. बोलली तर गौस आजच संपला. तीन वर्षं झाकून ठेवलेलं तीच उघडं करणार, भर हाजींसमोर, आणि तो तिथे आंधळ्यासारखा उभा असताना. बावीस. तिच्या नाकाला जळक्या लाकडाचा वास आला, की तो भासच होता, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"फळ्या टाका!" ती किंचाळली. "वरची खुंटी पेटतेय! फळ्या टाका!"

हाजी दचकून वळले. शीरअहमद मात्र दचकला नाही. तो बाणासारखा जिन्यावरून वर गेला, इतक्या चटकन, जणू पाय मघापासून उचललेलाच होता. फटीत एकेक फळी आदळली. वारा बाहेरच अडला, पंख रेंगाळले, दगड मंदावला आणि थांबला.

त्या शांततेत गौस मोठ्यानं म्हणाला, "वारा पडला का?"

माहबीबीनं आपला गाल नखांनी ओरबाडला.

"हाजी? वारा पडला का?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि पट्टीखालून चेहरा इकडेतिकडे वळवला. तिची किंकाळी दोन हातांवरून आली होती.

शीरअहमद खाली आला. त्याची दोन बोटं भाजली होती. "तुळई काळी पडलीय," तो म्हणाला. "मुठीएवढा निखारा होता. मातीनं विझवला. आणखी जरा वेळ आणि..." त्यानं गौसकडे बोट केलं. "बघितलंत? मी काय म्हणत होतो? माझा पणजोबाही असाच उभा होता."

हाजी कलंदर पिठाच्या कट्ट्यावर टेकले. त्यांनी माहबीबीला हाक मारली, उंबऱ्याच्या आत.

"बीबी, किती वेळ रडत होती ती?"

"तुम्ही दुसऱ्यांदा दोरी सोडलीत, त्यानंतर लगेच." तिनं आता काही लपवलं नाही. "मी लगेच बोलले नाही, हाजी. बावीस फेरे गप्प राहिले. काल चरबी घालायची, तीही मीच विसरले. त्यांना नाही येत ऐकू. मला माहीत होतं. पाप माझं आहे."

हाजींनी मान हलवली आणि शीरअहमदकडे वळले.

"तुला ऐकू आलं होतं का रे?"

बाहेर वारा फळ्यांवर डोकं आपटत होता. नाही म्हणावं, तर गिरणीवाला बहिरा. रीत त्याच्याही चार चक्क्यांना लागू. हो म्हणावं, तर—

"विचारतोय मी," हाजी म्हणाले. "भिंतीपलीकडे तुझी सून आहे ना आज?"

शीरअहमदचा चेहरा पिठासारखा झाला. सुनेची आठवण त्याला तेव्हा झाली असावी, खरोखरच तेव्हा. तो मटकन खाली बसला आणि भाजलेली बोटं तोंडात धरली.

"ऐकलं," तो म्हणाला.

"माझा बाप पंचांत होता, ही रीत त्यांनी बांधली तेव्हा," हाजी हळू म्हणाले. "जळालेल्या माणसाकडे बघून बांधली. कान कशाला हवेत? आग लागण्याआधी ओरडायला. तू ऐकून गप्प बसलास. ही बाई बावीस फेरे गप्प बसली, आणि मग स्वतःचं घर मोडून ओरडली. तुझ्या चार तुला राहू देत, पोरंबाळं आहेत तुझी. मधलीकडे मात्र पुन्हा मान वर करून बघू नकोस."

"पण बहिऱ्याच्या हाती..."

"बहिऱ्याच्या हाती नाहीच. आजपासून दगड माहबीबीच्या नावावर. उस्ता तिच्या हाताखाली बसेल. बाईच्या नावावर दगड कधी झालाय का म्हणून विचारू नकोस, मला ठाऊक आहे, नाही झाला. पंचांना मी बघून घेईन. जा, सुनेला बाहेर काढ आणि बोटांना दही लाव."

दोघं बाहेर गेले. माहबीबी गौसजवळ गेली आणि तिनं त्याच्या डोळ्यांवरचा फेटा सोडला. गौसनं थांबलेला दगड बघितला, रिकामी खोली बघितली, तिचा ओरबाडलेला गाल बघितला.

"गेली?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं ओठ मोठे हलवून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. खुंटीचं, आगीचं, आपण ओरडल्याचं. चक्की आपलीच राहिली, पण नाव माझं. ती बोलत असताना तो तिच्या ओठांकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. चक्की वाचली हे त्याला कळलं होतं, तरीही.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिनं होकारार्थी मान हलवली.

"पहिल्यापासून?"

तिनं पुन्हा मान हलवली.

गौसनं आपल्या पांढऱ्या पडलेल्या पायांकडे बघितलं. "गावाला आज ना उद्या कळणारच होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, निदान तुला कळलेलं नाही. तुझ्यासाठीच तर पायांनी ऐकायला शिकलो."

माहबीबीनं त्याची बाही धरली आणि सोडलीच नाही. बाहेरून हाजी ओरडत होते, दळण अर्धंच राहिलंय, फळ्या काढायच्या का? ते कोणाला विचारतायत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"हात लावू नका कोणी!" ती दारातून ओरडली. "आधी तुळईवर पाणी, मग चरबी, मग फळ्या!"